शब्बाथ

शब्बाथ : आठवड्यातील एक दिवस नित्याचे काम थांबवून तो ईश्वराच्या स्मरणासाठी व उपासनेसाठी पवित्र राखण्याचा ज्यू व ख्रिस्ती धर्मांतील आचार, तसेच तो दिवस. हिब्रू भाषेतील ‘थांबणे’, ‘काम सोडून देणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून हा शब्द बनला असून मराठी बायबलमध्ये तो ‘शब्बाथ’ असा येतो. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या वेळी सुरू होऊन शनिवारी रात्र पडल्यावर संपतो. बहुसंख्य ख्रिस्ती रविवार हा उपासनेचा दिवस मानतात. काही ख्रिस्ती पंथ मात्र शनिवारच पाळतात, तर इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीत दोन्ही दिवसांना मान आहे. दहा आज्ञा सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य असल्या, तरी त्यांतील ह्या एका आज्ञेच्या पालनाविषयी त्यांच्यात जेवढे मतभेद आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या आज्ञेविषयी असतील. हे मतभेद मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरतात : (१) शब्बाथाची आज्ञा ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे काय, (२) असल्यास तिचा दिवस कोणता व तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, (३) दिवस पवित्र राखणे म्हणजे नेमके काय करणे व काय टाळणे.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नांना एक स्थानिक पार्श्वभूमीही आहे. रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण, रोहे, अलिबाग, रेवदंडा ह्या परिसरांत शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल लोक शतकानुशतके राहत आले. त्याच किनाऱ्यावर पोर्तुगीज काळापासूनची, रविवारी मिस्सा पाळणारी कॅथलिक वस्ती आहे. आणि एकोणिसाव्या शतकात रविवारलाच ‘शब्बाथ’ म्हणणारे प्रॉटेस्टंट मिशनरी कोकणात आले. त्यामुळे ग्रंथांत वाचावयास मिळणारा हा वाद येथे शेजाऱ्यांच्या नित्य व्यवहारातही दिसून येतो.

ज्यू परंपरा : शब्बाथाची आज्ञा जुन्या करारात दोन ठिकाणी विस्ताराने आली आहे व दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे दिले आहे. ‘निर्गम’ ह्या ग्रंथात (अध्याय २०) ते विश्वनिर्मितीशी जोडलेले आहे : ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली व सातव्या दिवशी विश्राम केला. ‘अनुवाद’ ह्या ग्रंथात (अध्याय ५) ते इस्रायली लोकांच्या इतिहासाशी जोडलेले आहे : मिसर देशात ते दास होते व ईश्वराने त्यांना तेथून सोडविले, ह्याची आठवण म्हणून त्यांनी स्वतः विसावा घ्यावयाचा व आपल्या दासदासींनाही द्यावयाचा. दोन्ही ठिकाणी ही आज्ञा घरधन्यापुरती नाही. मुले, चाकर, परका पाहुणा व जनावरे ह्या सर्वांना ती लागू आहे. ह्या दोन कारणांचा पुढील ख्रिस्ती वादाशी निकटचा संबंध आहे. शब्बाथ निर्मितीवर आधारलेला मानला, तर तो सर्व मानवजातीसाठी ठरतो. मिसरमधील मुक्तीवर आधारलेला मानला, तर तो इस्रायली लोकांपुरता मर्यादित होतो. ख्रिस्ती पंथांपैकी प्रत्येकाने कळत नकळत ह्या दोहोंपैकी एका कारणावर अधिक भर दिलेला आढळतो.

बायबलमध्ये ‘काम’ ह्या शब्दाची व्याख्या नाही. ती पुढे रब्बींनी केली. ‘मिश्ना’ ह्या संहितेत शब्बाथच्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार सांगितले आहेत. नांगरणे, पेरणे, मळणे, दळणे, शिवणे, लिहिणे, विस्तव पेटविणे व विझविणे, खाजगी जागेतून सार्वजनिक जागेत वस्तू नेणे इत्यादींचा त्यांत समावेश होतो. फळे पिळून रस वा तेल काढणे हे मळणीच्याच जातीचे काम मानले जाते. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल, तेथे शब्बाथाचे नियम बाजूला ठेवलेच पाहिजेत, असाही रब्बींचा निर्णय आहे.

शनवार तेली : बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगाव येथे फुटले व त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्याजवळचे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले, असेही ही परंपरा सांगते. ही घटना केव्हा घडली, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत पसरलेल्या ह्या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहीमकर, नवगावकर, दिवेकर ही त्यांची आडनावे त्या त्या गावांवरून पडलेली आहेत. त्यांपैकी अष्टमी हे गाव कुंडलिका नदीच्या काठी रोह्यासमोर आहे.

हा समाज मराठी बोलत होता, मराठी वेष करीत होता व हिब्रू भाषा जवळजवळ विसरला होता. सुंता, आहारविषयक काही निर्बंध, ‘शमा’ ही प्रार्थना व शनिवारचा विसावा एवढ्याच ठळक खुणा त्याच्याजवळ उरल्या होत्या. ह्यांतील पहिल्या तिन्ही खुणा घरातल्या होत्या. चौथी मात्र साऱ्या गावाला दिसणारी होती, कारण शनिवारी घाणा फिरत नसे. त्यावरून आसपासच्या लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. शेजारचे हिंदू तेली सोमवार हा शंकराचा वार म्हणून घाणा बंद ठेवीत व ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात. आठवड्यातील एक वार देवासाठी सोडण्याची कल्पना गावाला परिचयाची होती. फरक होता तो वाराचा. म्हणूनच ह्या आचाराला गावात विरोध होण्याचे कारण नव्हते. तथापि त्याची किंमत होतीच : आठवड्याच्या मिळकतीतील एक दिवस त्या कुटुंबांना दर आठवड्याला सोडावा लागे. घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा असे. ‘अनुवाद’ ग्रंथातील आज्ञेत बैलाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो ग्रंथ ह्या तेल्यांच्या वाचनात नसतानाही त्यातील ही तरतूद आचारातून टिकून राहिली.

बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर ह्या लोकांची ओळख पटण्यास शनिवारचे पालन ही एक प्रमुख खूण ठरली. डेव्हिड राहाबी ह्या नावाच्या ज्यू प्रवाशाने त्यांना ओळखले व धर्मशिक्षण दिले, असे परंपरा सांगते. त्याच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. पुढे कोचीनच्या ज्यूंकडून त्यांना विधी व प्रार्थना ह्यांचे ज्ञान मिळाले. त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर (सिनॅगॉग) सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी मुंबईस १७९६ मध्ये स्थापन केले. नंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इ. ठिकाणीही प्रार्थनामंदिरे उभी राहिली. म्हणजे प्रार्थनामंदिर असण्यापूर्वी दीर्घ काळ ह्या समाजाचा शब्बाथ केवळ घरी व घाण्यावर पाळला जात होता. हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहिलेला ह्या समाजाचा इतिहास तेल अवीव येथे १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्या वेळी रायगड जिल्ह्यात त्यांची मोजकीच घरे उरली होती.

येशू व आद्य ख्रिस्ती मंडळी : येशू ख्रिस्त ज्यू समाजात जन्मला व शब्बाथ दिवशी प्रार्थनामंदिरात जात असे. त्या दिवशी त्याने रोग्यांना बरे केले व त्याच्या शिष्यांनी भुकेपोटी शेतातील कणसे मोडली, ह्यावरून परुशी लोकांनी त्याला दोष दिल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत आहेत. माणसाचे हित हेच ह्या नियमाचे प्रयोजन आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. ह्या प्रसंगांचा अर्थ लावतानाच ख्रिस्ती विचारांत फाटा फुटतो. येशूने शब्बाथ रद्द केला नाही, तर त्याचे खरे रूप दाखविले, असे एक पक्ष म्हणतो. नियमापेक्षा आपला अधिकार मोठा असल्याचे येशूने त्या वेळी सूचित केले, असे दुसऱ्या पक्षाचे मत आहे.

शुभवर्तमानांनुसार येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी झाले. ह्या दिवशी शिष्य एकत्र जमल्याचे उल्लेख नव्या करारात आहेत व ‘प्रकटीकरण’ ह्या ग्रंथात ‘प्रभूचा दिवस’ असा शब्दप्रयोग येतो. तथापि शब्बाथ शनिवारऐवजी रविवारी पाळावा, अशी स्पष्ट आज्ञा नव्या करारात नाही. संत पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एखादा दिवस विशेष मानावा की सर्व दिवस सारखे मानावेत, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविले आहे; कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात सण, अमावास्या व शब्बाथ ह्यांना येणाऱ्या गोष्टींची छाया म्हटले आहे. शनिवार पाळणाऱ्या पंथांच्या मते हे उल्लेख वार्षिक सणांच्या शब्बाथांविषयी आहेत, साप्ताहिक शब्बाथाविषयी नाहीत.

शनिवारकडून रविवारकडे : दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर ह्याने रविवारच्या ख्रिस्ती सभेचे वर्णन केले आहे. त्यात शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस ह्यांचा विधी आणि गरजूंसाठी दान ह्यांचा उल्लेख आहे. काम बंद ठेवण्याचा नाही. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचाच दिवस होता व त्यामुळे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा रविवार हा मुख्यतः उपासनेचा दिवस होता, विश्रांतीचा नव्हे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन ह्याने ३२१ मध्ये काढलेल्या फर्मानाने ह्यात बदल झाला. ‘सूर्याच्या दिवशी’ न्यायाधीश, नगरवासी व कारागीर ह्यांनी विश्रांती घ्यावी, असे त्यात होते. शेतकऱ्यांना मात्र हंगाम चुकू नये म्हणून सूट दिली होती. चौथ्या शतकातील लाओदिसीया येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम बंद ठेवू नये, त्या दिवशी काम करावे व शक्यतो प्रभूच्या दिवशी विसावा घ्यावा, असा नियम केला. अशी मनाई करावी लागली, ह्यावरूनच त्या काळी काही ख्रिस्ती लोक शनिवार पाळत असले पाहिजेत, हे उघड होते.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळींच्या उपासनाक्रमात शनिवारचे ‘शब्बाथ’ हे नाव व त्याचे काही वेगळेपण आजही टिकून आहे. प्रभूचा दिवस मात्र रविवारच होय. इथिओपियात ह्या प्रश्नावर मध्ययुगात तीव्र कलह झाला. पंधराव्या शतकात झरअ याकोब ह्या राजाच्या काळात शनिवार व रविवार ह्या दोन्ही दिवसांच्या पालनाला धर्मपरिषदेने मान्यता दिली.

रोमन कॅथलिक मत : ह्या आज्ञेचे दोन भाग करावेत, अशी मांडणी संत टॉमस अक्वायनस ह्याने तेराव्या शतकात केली. ईश्वराच्या उपासनेसाठी काही काळ राखून ठेवणे हा तिचा नैतिक भाग असून तो कायमचा आहे. तो काळ म्हणजे सातवाच दिवस, हा तिचा विधिविषयक भाग असून तो बदलू शकतो. हा बदल करण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला आहे, असे कॅथलिक पंथ मानतो. कॅथलिक व ल्यूथरन परंपरेत ही आज्ञा दहांपैकी तिसरी, तर ज्यू, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व कॅल्व्हिनपंथी परंपरांत ती चौथी गणली जाते.

कॅथलिक दृष्टीने रविवारचे मुख्य कर्तव्य म्हणजे मिस्सामध्ये सहभागी होणे हे होय. त्याच्या जोडीला उपासनेस व दिवसाच्या आनंदास बाध आणणारी कामे टाळणे अपेक्षित असते. पूर्वी ही मनाई प्रामुख्याने शारीरिक कष्टांच्या कामांना उद्देशून होती. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने आदल्या दिवशी सायंकाळी झालेल्या मिस्सामधील सहभागही पुरेसा मानला आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९८ मध्ये प्रसृत केलेल्या ‘दिएस दोमिनी’ ह्या पत्रात रविवार म्हणजे केवळ आठवड्याअखेरची सुटी नव्हे, ह्यावर भर दिला.

धर्मसुधारणेनंतरची मते : सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी रविवार कायम ठेवला, पण त्याचे समर्थन वेगळ्या रीतीने केले. ल्यूथरपंथीयांच्या १५३० मधील ‘ऑग्सबर्ग कबुलीजबाबा’नुसार शब्बाथाचे बंधन संपलेले आहे, लोकांनी एकत्र केव्हा यावे हे सर्वांना कळावे, एवढ्या सुव्यवस्थेसाठी रविवार नेमलेला आहे. कॅल्व्हिननेही सात ह्या संख्येविषयीची अंधश्रद्धा नाकारली. मनुष्याने स्वतःची कर्मे थांबवून ईश्वराला आपल्यात कार्य करू देणे, सामुदायिक उपासना आणि चाकरमाणसांना विसावा, असे तीन हेतू त्याने ह्या आज्ञेत पाहिले.

ह्यापुढचे पाऊल इंग्लंड व स्कॉटलंडमधील प्यूरिटन व प्रेस्बिटेरियन लोकांनी टाकले. शब्बाथ हा विश्वनिर्मितीपासूनचा व म्हणून सर्व मानवांना लागू असलेला नैतिक नियम आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने त्याचा दिवस तेवढा बदलला, असे ते मानीत. १६४०–५० च्या दशकातील ‘वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रा’नुसार रविवारचा संपूर्ण दिवस सार्वजनिक व खाजगी उपासनेत घालवावयाचा, त्यास अपवाद फक्त निकडीच्या व दयेच्या कामांचा. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याने १६१८ मध्ये रविवारच्या उपासनेनंतर नृत्य, तिरंदाजी वगैरे करमणुकींना परवानगी देणारी घोषणा काढली. प्यूरिटनांनी तिला कडवा विरोध केला व १६४३ मध्ये संसदेच्या आज्ञेने ती जाहीरपणे जाळण्यात आली. ह्या कडक परंपरेचा प्रभाव विसाव्या शतकापर्यंत टिकून होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिक सामन्यांत एरिक लिडल ह्या स्कॉटिश धावपटूने १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे तीत भाग घेतला नाही. नंतर ४०० मीटर शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. स्कॉटलंडच्या ल्यूइस बेटावरून मुख्य भूमीकडे जाणारी नियमित रविवारची बोटसेवा २००९ मध्ये सुरू झाली, तीही बऱ्याच विरोधानंतर.

सातवा दिवस पाळणारे पंथ : केवळ बायबल प्रमाण मानावयाचे, तर बायबलात ज्याची आज्ञा नाही असा दिवसाचा बदल का स्वीकारावा, असा प्रश्न प्रॉटेस्टंटांमधूनच पुढे आला. सोळाव्या शतकात मध्य यूरोपातील काही पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी शनिवार पाळण्यास सुरुवात केली. त्यांच्याविरुद्ध ल्यूथरने लेखन केले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट’ हा पंथ उदयास आला व १६७१ मध्ये त्याची मंडळी अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे स्थापन झाली. ह्या पंथाच्या संपर्कातून शनिवारची शिकवण ॲडव्हेंटिस्ट लोकांपर्यंत पोहोचली व १८६३ मध्ये ‘सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट’ पंथाची अमेरिकेत रीतसर स्थापना झाली. त्याच्या संस्थापकांत जोसेफ बेट्स, जेम्स व्हाइट व एलेन व्हाइट हे प्रमुख होत.

ॲडव्हेंटिस्ट शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. स्वयंपाक व इतर तयारी शुक्रवारी उरकून घेतात. व्यापार व नोकरीची नित्याची कामे टाळतात. रुग्णसेवा हे दयेचे काम असल्याने ते चालते. शनिवारी होणाऱ्या परीक्षा, पाळीची कामे व नोकरीतील हजेरी ह्यांमुळे ह्या पंथाच्या अनुयायांना अनेक देशांत अडचणी सोसाव्या लागतात. दिवस मोजण्याचा प्रश्नही कधी कधी उद्‌भवतो. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या संदर्भात सामोआने २०११ च्या डिसेंबरमध्ये आपले दिनमान बदलून ३० तारखेचा शुक्रवार गाळला. तेव्हा जुन्या गणनेने येणारा सातवा दिवस नव्या दिनदर्शिकेत रविवार ठरला व तेथील अनेक ॲडव्हेंटिस्ट मंडळी त्या दिवशी शब्बाथ पाळू लागल्या.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरा : रायगडच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती रविवार प्रथम पोर्तुगीजांबरोबर आला. सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत चौल–रेवदंडा भाग त्यांच्या ताब्यात होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावात त्या काळापासूनचा कॅथलिक समाज अजून आहे; पोर्तुगीजवर आधारलेली त्याची स्वतंत्र बोली भाषाशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली आहे. ह्या समाजात रविवारचे केंद्र मिस्सा हे आहे. एकाच खाडीच्या दोन काठांवर शनिवारी बंद राहणारा घाणा व रविवारी भरणारे चर्च अशी दोन्ही दृश्ये दीर्घ काळ नांदत होती.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा रविवार ह्याहून वेगळा होता. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले. स्कॉटिश मिशनचे कार्य १८२३ मध्ये सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट येथे सुरू झाले. दोन्ही मिशने प्यूरिटन व प्रेस्बिटेरियन परंपरेतील असल्याने रविवार हाच त्यांच्या दृष्टीने शब्बाथ होता. मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांना ‘शब्बाथशाळा’ हे नाव पडले, ते ह्याच विचारामुळे. ह्या मिशनांच्या शाळांत बेने इस्रायल विद्यार्थी व शिक्षक मोठ्या संख्येने होते. १८२९ मध्ये मुंबईस आलेले जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जुन्या कराराचे मराठी भाषांतर व हिब्रूचे शिक्षण ह्यांमुळे शनवार तेल्यांच्या वंशजांना शनिवारच्या आज्ञेचा मूळ पाठ प्रथमच आपल्या भाषेत वाचावयास मिळाला. त्यांच्यापैकी ख्रिस्ती झालेल्यांची संख्या अल्प राहिली. उलट स्वतःच्या परंपरेविषयीची त्यांची जाण वाढली. रविवार पाळणाऱ्या शिक्षकांच्या कार्यातून शनिवार पाळणाऱ्यांची श्रद्धा दृढ व्हावी, असा हा परिणाम होता. ह्या दोन्ही मिशनांतून वाढलेल्या मंडळींपैकी बहुतेक पुढे नागपूर येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये सामील झाल्या.

सातवा दिवस पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथांचे कार्य भारतात १८९० च्या दशकात सुरू झाले. ॲडव्हेंटिस्टांनी १९१५ मध्ये कोईमतूर येथे सुरू केलेली व पुढे बंगलोरला गेलेली शिक्षणसंस्था १९४२ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. विल्यम स्पायसर ह्या धर्मप्रचारकाच्या नावाने ती ओळखली जाते व २०१४ मध्ये तिला विद्यापीठाचे स्वरूप आले. ह्या पंथातही ‘शब्बाथशाळा’ हाच शब्द प्रचलित आहे. परंतु ती शनिवारी भरते. अशा रीतीने एकच मराठी शब्द दोन ख्रिस्ती पंथांत दोन वेगवेगळ्या दिवसांचा निदर्शक बनला आहे.

साप्ताहिक सुटी व कायदा : औद्योगिक समाजात धार्मिक शब्बाथाशेजारी साप्ताहिक सुटीचा ऐहिक प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी, ह्यासाठी सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) ह्यांनी चळवळ केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली व १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली. रविवार हा महाराष्ट्रात खंडोबाचाही वार असल्याने ही मागणी कामगारांच्या स्वतःच्या धर्मभावनेशीही सुसंगत होती, अशी मांडणी लोखंडे ह्यांच्या नावे सांगितली जाते. म्हणजे रविवारची सुटी ही राज्यकर्त्यांच्या धर्माची केवळ देणगी नव्हती. श्रमिकांनी ती मागून घेतली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याचा पहिला दिवस सुटीचा ठरविला, पण आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी देण्याचीही मुभा ठेवली. रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यांत सुटी पाळीपाळीने द्यावी लागते. अशा व्यवस्थेत प्रत्येकाला विश्रांती मिळते, परंतु सर्वांना एकाच दिवशी मिळत नाही. सामुदायिक उपासनेचा दिवस पाळणाऱ्यांची अडचण नेमकी येथेच सुरू होते. रविवारला कायद्याचे पाठबळ मिळाल्याने शनिवार पाळणाऱ्या ज्यूंना व ख्रिस्ती लोकांना आपला दिवस राखण्यासाठी वेगळी झीज सोसावी लागते. गाव सोडून मुंबईच्या कचेऱ्यांत व कारखान्यांत गेलेल्या बेने इस्रायल लोकांनाही हा अनुभव आला. घाणा स्वतःचा असताना तो बंद ठेवणे त्यांच्या हाती होते. नोकरीत तसे राहिले नाही.

मतभेदांचे स्वरूप : ख्रिस्ती पंथांच्या भूमिका स्थूलमानाने चार गटांत मांडता येतात. (१) आज्ञा व तिचा सातवा दिवस दोन्ही कायम आहेत (ॲडव्हेंटिस्ट, सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट). (२) आज्ञा कायम आहे, पुनरुत्थानामुळे दिवस बदलला (प्यूरिटन, प्रेस्बिटेरियन). (३) आज्ञेचा नैतिक भाग कायम आहे व दिवस ख्रिस्तसभेच्या परंपरेने आणि अधिकाराने ठरला (रोमन कॅथलिक). (४) शब्बाथाचे बंधन संपले आहे व रविवार ही केवळ उपयुक्त व्यवस्था आहे (ल्यूथर व अनेक आधुनिक मंडळी). ह्यांपैकी कोणत्याही गटात प्रत्यक्ष आचरण सर्वत्र सारखे नाही. रविवार कडकपणे पाळण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात पुष्कळच कमी झाले. इंग्लंड व वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने रविवारच्या दुकानदारीवरील निर्बंध सैल करण्यात आले.

ह्या वादात दिवसाच्या निवडीइतकेच महत्त्व त्या दिवशी काय सोडून द्यावयाचे, ह्याला आहे. दिवस कोणताही मानला, तरी तो पवित्र राखणाऱ्याला काही लाभ, काही काम वा काही संधी बाजूला ठेवावी लागते. आणि आज्ञेतील चाकर व जनावरे ह्यांचा उल्लेख लक्षात घेता, आपल्या विसाव्यासाठी दुसऱ्याला राबवून हा दिवस पाळता येत नाही. रायगड जिल्ह्यातील शनवार तेल्यांजवळ ग्रंथ नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हते व आपल्या आचाराचे समर्थन करणारी विद्वत्ताही नव्हती. तरी आठवड्यातून एक दिवस घाणा थांबविण्याचा त्यांचा नेम टिकला आणि त्या नेमाने त्यांची ओळखही टिकविली.